२०३८ ची तारीख दुरुस्त करणाऱ्या कंपनीत पैसे घालावेत का?

प्रश्न: चाळीसगाव_सूत

राम राम मंडळी. औद्योगिक पॅनलमधल्या (कारखान्यातल्या यंत्रं चालवणाऱ्या पेट्यांमधल्या) तारखेच्या चुका दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीचा प्रस्ताव समोर आहे. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे. गिऱ्हाइकं नाशिकपासून भुसावळपर्यंतची: सूतगिरण्या, साखर कारखाने, पीव्हीसी पाइपवाले. दर्शनी किंमत १० रुपये, मागतात २४०, कमीत कमी रक्कम ३ लाख.

सादरीकरणाचा सारांश असा. १९ जानेवारी २०३८ ला ३२ बिटांची घड्याळं उलटणार. म्हणून प्रत्येक कारखान्याला प्रत्येक चिप तपासावी किंवा बदलावी लागणार. आणि २००० साली वायटूकेच्या (वर्ष दोनच आकड्यांत लिहिण्याची चूक दुरुस्त करण्याच्या) कामावर जशा भारतीय कंपन्या वर आल्या, तसंच याही वेळी होणार.

यातलं तांत्रिकदृष्ट्या किती खरं? पैसा नक्की कोणाच्या खिशात जाईल? शेअर बाजारात नोंदलेला काही पर्याय आहे का? आणि कंपनीकडून कोणते कागद मागू? ‘एफडी करा आणि गप्प झोपा’ एवढंच उत्तर नको.

उत्तर: भुसावळ_इन्स्ट्रुमेंट

भाऊ, तारीख खरी आहे. ‘प्रत्येक चिप’ खोटं आहे. आणि शेअरची किंमत त्या खोट्यावर उभी आहे.

१ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या चिन्हांकित (अधिक-उणे दोन्ही धरणाऱ्या) आकड्यात मोजणारं घड्याळ २,१४,७४,८३,६४७ ला भरतं. ती वेळ जागतिक घड्याळाने १९ जानेवारी २०३८ ची पहाटे ०३:१४:०७, आपल्याकडे सकाळचे ०८:४४:०७, वार मंगळवार. पुढच्या सेकंदाला आकडा उणे होतो आणि भारतीय वेळेने १४ डिसेंबर १९०१, शनिवार उमटतो. ठिबकच्या कंट्रोलरमध्ये वारानुसार पाळ्या लावल्या असतील आणि त्याचं घड्याळ असं मोजत असेल, तर मंगळवारच्या प्लॉटचं पाणी शनिवारच्या प्लॉटला जाईल.

आता चिपांकडे. पॅनलमधल्या बहुतेक चिपांना आज कोणता दिवस आहे हे ठाऊकच नसतं. तापमान कंट्रोलर, सॉफ्ट स्टार्टर, ऑन-डिले टायमर, साधा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) हे सगळे दोन क्षणांमधलं अंतर मोजतात. केळी पिकवण्याच्या चेंबरमध्ये इथिलीन किती तास सोडायचं हे कंट्रोलर मोजतो, त्याला पंचांग लागत नाही. आणि जिथे घड्याळाची वेगळी चिप आहे, तीही सेकंदांची रास ठेवत नाही. डीएस१३०७ घ्या: वर्ष, महिना, दिवस, तास वेगवेगळ्या रजिस्टरात, दोन-दोन आकड्यांत. तिच्या दृष्टीने २०३८ म्हणजे नुसते ‘३८’. सिमेन्सच्या एस७-३०० आणि एस७-४०० या पीएलसींमध्ये (यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक संगणकांमध्ये) तारीख-वेळ आठ बाइटांत बीसीडी स्वरूपात, म्हणजे दर आकडा वेगळा ठेवून, असते आणि १९९० ते २०८९ पर्यंत चालते. कोडसिस या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या पीएलसीत नेहमीचा तारीख-वेळेचा प्रकार ३२ बिटांचाच आहे, पण बिनचिन्हाचा, त्यामुळे तो फेब्रुवारी २१०६ पर्यंत पुरतो.

अडतं ते रूपांतरात. पीएलसीकडून तारीख घेऊन तिचे १९७० पासूनचे सेकंद करणारा गेटवे (डेटा पुढे पाठवणारा डबा), डेटा लॉगर, जुना एचएमआय (ऑपरेटरचा पडदा), स्काडाचा (कारखान्यावर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) हिस्टोरियन म्हणजे नोंदींचा साठा, या जागा बघा. ३२ बिटी लिनक्सवर कर्नल ५.६ पासून, म्हणजे २०२० पासून, दुरुस्तीचा पाया आहे आणि ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीत २.३४ पासून, २०२१ मध्ये, ६४ बिटी वेळ घेण्याची सोय आहे. मात्र वरचा प्रोग्रॅम ती सोय चालू करून पुन्हा कंपाइल करावा लागतो. २०१४ च्या गेटवेचा निर्माता ते करून देईलच असं नाही. ईएक्सटी-३ फाइल सिस्टिम, मायएसक्यूएल डेटाबेसचा ‘टाइमस्टॅम्प’ प्रकारचा स्तंभ, व्हिज्युअल सी++ ६ मध्ये लिहिलेली जुनी रिपोर्ट एक्झी, या तिन्ही त्याच सेकंदाला अडकतात. कंपनीच्या माणसाने या जागांची नावं स्वतःहून घेतली नाहीत आणि नुसतं ‘चिप, चिप’ केलं, तर तो विक्रीवाला आहे.

दुसरं, या तारखेची झळ लागायला २०३८ उजाडावं लागत नाही. २०४० पर्यंत वैध असलेलं सुरक्षा प्रमाणपत्र ३२ बिटी उपकरणात घातलं, तर मुदतीची तारीख उणे होऊन जोडणी आजच नाकारली जाऊ शकते. १५ वर्षांची वॉरंटी किंवा पुढची हायड्रो टेस्ट मोजणारा देखभालीचा प्रोग्रॅमही आजच चुकतो.

तिसरं, शेजारच्या तारखा. एनटीपीचा (नेटवर्कवरून घड्याळं जुळवण्याच्या पद्धतीचा) आकडा ७ फेब्रुवारी २०३६ ला, आपल्या वेळेने ११:५८:१६ ला शून्यावर येतो. जीपीएसचा आठवडा-अंक १० बिटांचा, दर १,०२४ आठवड्यांनी फिरतो: ऑगस्ट १९९९, एप्रिल २०१९, आणि पुढचा २१ नोव्हेंबर २०३८. २०१९ च्या फेऱ्यात न्यूयॉर्क शहराचं सरकारी वायरलेस जाळं काही दिवस बंद पडलं होतं. उपकेंद्रांतली जीपीएस घड्याळं आणि ब्राह्मणवेलसारख्या पवनचक्क्यांच्या पट्ट्यातली वेळ-जुळणी याच रांगेत बसते.

आणि लीप वर्ष कोणी मोजतच नाही. ३१ डिसेंबर १९९६ हा वर्षाचा ३६६ वा दिवस. त्या मध्यरात्री न्यूझीलंडमधल्या तिवाई पॉइंटच्या ॲल्युमिनियम भट्ट्यांचे नियंत्रण संगणक एकदम बंद पडले, आणि दोन तासांनी, तिथे मध्यरात्र झाल्यावर, टास्मानियातल्या बेल बेचे. २९ फेब्रुवारी २०२४ ला न्यूझीलंडमध्येच स्वयंचलित पेट्रोल पंपांची पैसे घेणारी यंत्रणा अडली. म्हणून कंपनीच्या चाचणी यादीत २९ फेब्रुवारी २०२८ आणि ३१ डिसेंबर २०२८ आहेत का ते आधी बघा. नसतील, तर त्यांनी फक्त बातमीतली तारीख उचलली आहे.

उत्तर: पॅनलवाला_धुळे

वरचं बरोबर आहे भो, पण आपल्याकडे तारखेची रोजची तक्रार यातली कुठलीच नसते. ती बॅटरीची असते.

जुन्या पॅनल पीसीवर डीएस१२८८७ हे २४ पायांचं काळं ठोकळं असतं, लिथियम सेल त्याच्या आतच ओतून बंद केलेला. दहा वर्षांची हमी ही २५ अंशांची गोष्ट. मे महिन्यात जळगाव-भुसावळला बाहेर ४५, पंखा जाम झालेल्या पॅनलच्या आत ६०. सेल मेला की वीज गेल्यावर तारीख कचरा होते. मग सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) सर्व्हरला जाणारा धुराड्याचा आणि सांडपाण्याचा डेटा चुकीच्या तारखेचा जातो, कारखान्याला नोटीस येते. साखर कारखाना आणि डिस्टिलरीवाल्यांना विचारा.

बदली करताना डीएस१२सी८८७ घ्यावं. पाय तेच, शतकाचं रजिस्टर जास्तीचं. नवं मॉड्यूल कारखान्यातून ऑसिलेटर (घड्याळाला ठोका देणारा भाग) बंद ठेवून येतं. बोर्डाच्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमने तो चालू केला नाही, तर घड्याळ जागचं हलत नाही आणि लोक चांगला माल ‘खराब’ म्हणून परत पाठवतात. स्वस्तातला जुन्या साठ्याचा माल घेऊ नका. ठोकळं घासून वर बटन सेल डकवण्याचा जुगाड चालतो, पण कंपनाच्या जागी टिकत नाही.

उन्हाने घड्याळ सरकतंही. ३२.७६८ किलोहर्ट्झचा स्फटिक २५ अंशांपासून जितका दूर, त्या फरकाच्या वर्गाला ०.०३४ ने गुणा, तितके दशलक्षांश मागे पडतो. ६० अंशांना ३५ चा वर्ग १,२२५, म्हणजे सुमारे ४२ दशलक्षांश. दिवसाला साडेतीन सेकंदांच्या वर, महिन्याला पावणेदोन मिनिटं. अशा ठिकाणी डीएस३२३१ सारखी तापमान भरपाईची चिप लागते.

सांगायचं काय, तर हे काम खरं आहे, दरवर्षी आहे, पण ते एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचं, काम आहे. त्याला कोणी २४० रुपये देत नाही.

उत्तर: ताळेबंद_जळगाव

गुंतवणुकीचं मी घेतो.

वायटूकेचा दाखला देणारे अर्धाच दाखला देतात. त्या कामाला शेवटची तारीख होती आणि खर्च तारखेच्या आधी होतो, नंतर नाही. १९९९ च्या उत्तरार्धातच नवी कंत्राटं आटत होती. ज्या भारतीय कंपन्या वर गेल्या, त्यांनी वायटूकेला दाराची फट म्हणून वापरलं: आत शिरल्या आणि मग त्याच गिऱ्हाइकाचं वर्षानुवर्षांचं देखभालीचं काम धरून बसल्या. त्या काळच्या शेअरच्या भावात तर वायटूकेपेक्षा डॉटकॉमची हवा जास्त होती. नॅसडॅकचं शिखर १० मार्च २००० चं, ५,०४८ चं, म्हणजे वायटूके उलटून गेल्यानंतरचं. आणि चिपांबद्दल तेव्हाही असाच गहजब झाला होता; तपासलेल्या चिपांच्या मानाने अडणाऱ्या फारच थोड्या निघाल्या.

२०३८ च्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे जी विक्रीवाला सांगत नाही: बरीचशी यंत्रणा त्या तारखेआधीच मोडीत निघणार. सिमेन्सने एस७-३०० मालिका आवरती घेतली आहे, सुटे भाग साधारण २०३३ पर्यंतच. म्हणजे तोवर कारखान्यांना नव्या मालिकेवर जावंच लागेल, तारखेचा प्रश्न असो वा नसो. त्या स्थलांतरात जुने एचएमआय आणि गेटवेही जातात आणि २०३८ ची दुरुस्ती जवळपास फुकटात उरकते. पैसा हार्डवेअर बनवणाऱ्याला आणि ते बसवून, प्रोग्रॅम बदलून देणाऱ्याला मिळतो. ‘तारीख तपासणी’ असं वेगळं बिल कोणी दिलंच तर एकदाच देईल.

हिशेबापुरतं उदाहरण घ्या. एका गिरणीत नियंत्रणाची २०० उपकरणं. समजा घड्याळ असलेली ३०, अडणारी ६. त्यातल्या चारांना निर्मात्याकडून नवं फर्मवेअर (उपकरणातलं सॉफ्टवेअर) मिळालं आणि दोन बदलली, तर तपासणी कंपनीची कमाई किती? दोन माणसांचे आठ-दहा दिवस, अहवाल, आणि दोन गेटवेवरचं कमिशन. पुढच्या वर्षी त्याच गिरणीत या कामाचं काहीच नाही.

नोंदलेल्या कंपन्यांत सिमेन्स, एबीबी इंडिया, हनीवेल ऑटोमेशन इंडिया या स्वयंचलनातल्या. केपीआयटी, टाटा एलक्सी, एल अँड टी टेक्नॉलॉजी सर्व्हिसेस या एम्बेडेड अभियांत्रिकीतल्या. यांच्या उलाढालीत तारखेचं काम इतकं बारीक की त्यासाठी शेअर घेणं म्हणजे वडाला पारंबीसाठी पाणी घालणं. घ्यायचे तर त्यांच्या मूळ धंद्याकडे आणि भावाकडे बघून घ्या. शेअर बाजाराच्या एसएमई (लहान कंपन्यांच्या) मंचावर असं नाव दिसलं तर तिथे खरेदी-विक्री लॉटनेच होते, आणि विकताना समोर गिऱ्हाईक नसतं हे ध्यानात ठेवा.

आता तुमच्या प्रस्तावाचे कागद. प्रायव्हेट कंपनी जनतेकडून पैसे मागू शकत नाही. कंपनी कायदा २०१३ चं कलम ४२: प्रस्ताव नावानिशी, पीएएस-४ या पत्रातून, आर्थिक वर्षात २०० जणांपर्यंतच. जाहिरात चालत नाही. हा प्रस्ताव व्हॉट्सॲपच्या गटावर फिरत आला असेल तर तिथेच थांबा. पैसे बँकेतूनच, रोख एक रुपयाही नाही. पैसे मिळाल्यापासून ६० दिवसांत शेअर वाटप, नाहीतर पुढच्या १५ दिवसांत परतावा, त्यापुढे १२ टक्के व्याज. शेअर डिमॅटमध्येच घ्या. एमसीए (कंपनी व्यवहार मंत्रालय) संकेतस्थळावर १०० रुपये भरून कंपनीचे दाखल कागद बघता येतात: एओसी-४ मध्ये ताळेबंद, एमजीटी-७ किंवा लहान कंपनीच्या एमजीटी-७ए मध्ये भागधारक. तीन वर्षांचे काढा. कंपनीच्या नियमावलीत शेअर हस्तांतराचं कलम वाचा. संचालक मंडळाला नकाराचा हक्क असेल, तर तुमची विक्री त्यांच्या मर्जीवर.

कराचं थोडक्यात: नोंदलेले शेअर १२ महिन्यांनंतर विकले तर सव्वा लाखावरच्या नफ्यावर १२.५ टक्के, आधी विकले तर २० टक्के. न नोंदलेल्याला दीर्घ मुदत २४ महिन्यांनी लागते आणि सव्वा लाखाची सूट नाही.

चाळीसगाव_सूत

सगळ्यांचे आभार. व्हॉट्सॲपवर नाही, पत्र नावानेच आहे. एमसीएवरून आकडे काढले. शेअर १० लाख. उलाढाल ६.२ कोटी, करानंतरचा नफा ३१ लाख, येणी २.९ कोटी. कंपनी म्हणते यातली १.४ कोटी ‘२०३८ सेवा’. उरलेली पीएलसी-एचएमआयची विक्री आणि एएमसी. यातलं आधी काय बघू?

ताळेबंद_जळगाव

आता बोलता येईल. १० लाख शेअर गुणिले २४० म्हणजे कंपनीची किंमत २४ कोटी. नफा ३१ लाख, प्रति शेअर ३ रुपये १० पैसे. म्हणजे नफ्याच्या ७७ पट. पीएलसी विकून एएमसी करणाऱ्या घराला ७७ पट.

येणी: २.९ कोटी भागिले ६.२, गुणिले ३६५, म्हणजे १७१ दिवस. पण घाई नको; येण्यांत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, उलाढालीत नसतो. तो काढला तर येणी सुमारे २.४६ कोटी आणि दिवस १४५. तरीही वाईटच. कंपनी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल तर तिचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला गिऱ्हाईक कायद्याने बांधील आहे, आणि मुदत टळून वर्षअखेरही पैसे दिले नाहीत तर गिऱ्हाइकाची प्राप्तिकरात त्या वर्षीची खर्चाची वजावट जाते. एवढं हत्यार हातात असून वसुलीला जवळपास पाच महिने लागत असतील, तर एक तर गिऱ्हाईक अडचणीत आहे किंवा कामावर वाद आहे. ताळेबंदाच्या टिपणीत येण्यांचं वयवार कोष्टक असतं. सहा महिन्यांवरची रक्कम आणि ‘विवादित’ हा रकाना बघा. साखर कारखान्यांची येणी वेगळी काढायला सांगा. गाळप संपल्यावर तिथून पैसा येणं कसं लांबतं हे खानदेशात कोणाला समजावून सांगायला नको.

मग १.४ कोटींची बिलं मागा, निदान मोठी दहा. बिलात गेटवेची किंमत किती आणि तपासणीचे मनुष्यदिवस किती, हे वेगळं करा. माझा अंदाज, अर्ध्याच्या वर फिरवलेलं हार्डवेअर निघेल. त्यातलं किती गिऱ्हाईक दुसऱ्या वर्षी परत आलं, तेही विचारा. शेवटी करारातली जबाबदारी: चाचणी करताना कारखाना थांबला तर भरपाईला मर्यादा आहे का? बिलाच्या रकमेपुरती असेल तर ठीक. मर्यादाच नसेल आणि विमाही नसेल, तर एका रात्रीच्या नुकसानीत तुमचे तीन लाखच काय, सगळं भांडवल जाईल.

आज २४० नाही. एएमसीचा हिस्सा अर्ध्यावर गेला आणि येणी ९० दिवसांत आली, तर ४० ते ५० रुपयांना बोलणी करण्यासारखी कंपनी आहे. हे माझं मत. पैसे घालण्याआधी सेबी नोंदणीकृत सल्लागाराला कागद दाखवा.

भुसावळ_इन्स्ट्रुमेंट

कागदांसोबत त्यांचा एक खरा चाचणी अहवाल मागा, गिऱ्हाइकाचं नाव झाकून. त्यात काय असावं ते सांगतो, म्हणजे काम येतं की नाही हे कळेल.

पहिल्या पानावर उपकरणांची यादी: टॅग, मॉडेल, फर्मवेअर आवृत्ती, घड्याळ आहे का, वेळ कुठून घेतो, कुठे पाठवतो, आणि तारखेवर कोणता इंटरलॉक (यंत्र अडवणारी सुरक्षेची अट) किंवा आउटपुट अवलंबून आहे का. शेवटचा रकाना रिकामा असेल तर बाकी यादी शोभेची.

चाचणी चालत्या यंत्रावर झाली असेल तर अहवाल मिटून ठेवा. सुट्या सीपीयूवर किंवा वार्षिक बंद काळात, प्रोग्रॅम, रेसिपी (उत्पादनाच्या ठरलेल्या सेटिंग्ज) आणि लायसन्सचा बॅकअप घेऊनच करतात. कारण तारीख पुढे नेली की मुदतीची लायसन्स आणि पासवर्ड संपतात आणि काही सॉफ्टवेअरची लायसन्स तारीख मागे आणल्यावरही परत येत नाहीत.

प्रत्येक उलटणं दोनदा बघायचं: एकदा वीज चालू ठेवून, एकदा पाच मिनिटं आधी वीज बंद करून नंतर चालू करून. बॅटरीवरचं घड्याळ आणि प्रोग्रॅममधलं घड्याळ वेगवेगळ्या ठिकाणी चुकतात, म्हणून. आणि वेळही दोन. उपकरण जागतिक वेळ ठेवून वर साडेपाच तास जोडत असेल तर स्थानिक ०८:४४:०७ ला उलटेल. स्थानिक वेळच थेट भरलेली असेल तर ०३:१४:०७ ला. नुसती एकच वेळ तपासलेली असेल तर अर्ध्या उपकरणांची चाचणी झालेलीच नाही.

चाचणीनंतर तारीख आजवर आणली की हिस्टोरियनमध्ये २०३८ च्या नोंदी पडून राहतात. त्या पुसल्या नाहीत तर ट्रेंडचा आलेख ‘शेवटची नोंद’ म्हणून त्याच दाखवत राहतो, आणि काही प्रणाली नवा डेटा ‘जुना’ समजून टाकून देतात. अहवालात या सफाईची वेगळी नोंद आणि सही आहे का ते बघा.